नाकातली काडी

तारामती कुणाचा कागद भरून द्यायला बसली की समोरच्याचा जीव मेटाकुटीला यायचा. प्रत्येक रकाना ती तीनदा विचारायची. एकदा हिंदीत, एकदा तिला येत असलेल्या चार शब्दांच्या सिंधीत, आणि तिसऱ्यांदा लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत. जयपूरच्या निर्वासितांच्या बराकीतल्या बायका म्हणायच्या, ही मराठी बाई पोलिसात असती तर चोरानं कंटाळूनच गुन्हा कबूल केला असता. तारामती हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागायची.

ही खोड काही उपजत नव्हती. बावन्न सालच्या उन्हाळ्यात तिनं एक शब्द न विचारता लिहिला, तेव्हापासून लागलेली.

ती मूळची वाईची. शिकलेली मराठी चौथी, पण अक्षर असं की नवरा आपल्या रजेचा अर्जसुद्धा तिच्याकडून लिहून घ्यायचा. नवरा म्हणजे हरिभाऊ, डाक-तार खात्यात नोकरीला. बदली झाली आणि दोघं जयपुरात येऊन चांदपोल दरवाजाबाहेर दोन खोल्यांत राहिली. पोरबाळ नव्हतं. दुपार खायला उठायची. हरिभाऊंच्या ओळखीचे नंदकिशोर बाबू निर्वासितांच्या कचेरीत कारकून होते. एका रविवारी ते चहाला आले आणि कपाळाला हात लावून बसले. सिंधमधून गाड्या भरभरून माणसं अजून येतच होती. बायका पुरुष कारकुनापुढं तोंड उघडत नाहीत, पदराआडून नुसत्या माना हलवतात, आता त्यातली कुठली मान होय आणि कुठली नाही हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

"आमच्या हिला न्या बाबूजी," हरिभाऊ म्हणाले. "हिच्यापुढं मुकासुद्धा बोलतो. बोलल्याशिवाय ही उठूच देत नाही."

"होय का? मग तुम्ही चौदा वर्षं एवढे गप्प कसे?" तारामती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दौत-टाक घेऊन बराकीत गेली.

बराकी म्हणजे फौजेनं सोडलेल्या पत्र्याच्या लांबच लांब खोल्या. अंगणात एक कडुनिंब, त्याखाली टेबल. जेठ महिन्याचं ऊन. पश्चिमेचं आभाळ सकाळपासूनच मळकट पिवळं होऊन बसलं होतं. धुळीची आंधी येणार हे जयपुरात नव्यानं आलेल्या माणसालाही कळावं असं.

त्या दिवशीची शेवटची बाई चेतीबाई. मीरपूरखासहून आलेली, वय असेल तिशीचं. बरोबर आठ वर्षांची मुलगी मोहिनी, एक पत्र्याची ट्रंक आणि एक जाडजूड गोधडी, जी ती क्षणभरही खाली ठेवत नव्हती. अंगावर पांढरी सलवार, पांढरा कुडता, डोक्यावर पांढरी ओढणी. कपाळ मोकळं. गळा मोकळा. हात मोकळे. नाकपुडीच्या भोकात मात्र एक बारीक कडुनिंबाची काडी खोचलेली. तारामतीनं ती पाहिली, आणि मनात म्हणाली, काय वेळ येते माणसावर.

नाव झालं, गाव झालं. पतीचं नाव विचारल्यावर चेतीबाईनं मान वळवली. मुलीनं सांगितलं, "टहलराम." त्याच्याखाली रकाना होता, सधवा का विधवा.

तारामतीचा टाक थांबला. तिला तिची धाकटी मावशी आठवली. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली. घाटावर नवी बाई भेटली की हटकून विचारायची, "मालक काय करतात?" आणि मावशी उत्तर न देता हातातली घागर घासत राहायची, घासून घासून तिचा तळ जाईपर्यंत. तेव्हाच तारामतीनं ठरवलं होतं, अशा बाईला हा प्रश्न आपण आयुष्यात विचारणार नाही. दिसतंय ते का विचारायचं?

तिनं न विचारता लिहिलं, विधवा. आणि आपण किती समजूतदार, असं तिला वाटलं. माणसाला आपण फार समजूतदार वाटायला लागलो की तिथंच कुठंतरी चुकतंय, हे तिला पुढं कळलं.

चेतीबाईला आपली नागरी अक्षरं येत नव्हती. तिनं खाली उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या तिच्या लिपीत सही केली. शेवटचं अक्षर काढते न काढते तोच आंधी आली. टेबलावरचे कागद उडाले, पत्रे खडखडले, अंगणात हातभर अंतरावरचं दिसेना. तारामतीनं नेमका चेतीबाईचा कागद दौतीखाली दाबून धरला होता. बाकीचे दुसऱ्या दिवशी नव्यानं लिहावे लागले. तो तेवढा वाचला.

संध्याकाळी तिनं हरिभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. विधवांना पक्की खोली मिळते, शिवणाचा वर्गही आहे."

"दिवेलागणीला घरात तो शब्द नको. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"आणि बराकीत लिहिलास तेव्हा?"

"बराकीला कसली आलीय वास्तू? चार पत्रे आणि एक नळ."

हरिभाऊ हसले. तीही हसली. पण त्या रात्री दिवा देवापुढं दोनदा विझला, त्याचा दोष तिनं वाऱ्यावर घातला.

चेतीबाईला बायकांच्या बराकीत पक्की खोली मिळाली. तारामतीनं तिला काय काय म्हणून शिकवलं नाही. रेशनच्या रांगेत कुठल्या वेळी उभं राहायचं, नळाचं पाणी कधी येतं, भाजीवालीशी तिथल्या ढूंढाडी बोलीत घासाघीस कशी करायची. मोहिनीला शाळेत घातलं. मुलगी महिन्याभरात जयपूरच्या पोरींसारखं हेल काढून बोलायला लागली. चेतीबाई शिवणात तरबेज निघाली. बोलायची थोडं, पण तारामतीला "अदी" म्हणायची. अदी म्हणजे बहीण. वाईहून इतक्या लांब कुणी बहीण म्हणेल असं तारामतीला वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट तिला कळत नव्हती. नाकातली ती काडी. सुकली की चेतीबाई अंगणातल्या कडुनिंबाची नवी तोडायची, सोलायची, आणि देवपूजा करावी तशी रोज सकाळी बदलायची. तारामती ते बघायची आणि विचारायची नाही. समजूतदार ना.

पितृपंधरवडा चालू होता. हरिभाऊंच्या वडिलांची तिथी दुसऱ्या दिवशी, म्हणून तारामती सुपात उडदाची डाळ निवडत बसली होती. तेवढ्यात चेतीबाई आली ती धापा टाकतच, हातात पत्र. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडावर असा उजेड कधी दिसला नव्हता.

"अदी, माझं काम कर. कचेरीतून एक चिठ्ठी पाहिजे, की मी इथं आहे. त्याला कराचीत दाखवायचीय, इकडं यायच्या परमिटासाठी."

"कुणाला?"

"मोहिनीच्या बापाला."

सुपातली डाळ एका बाजूला सरकली. तारामतीनं सूप खाली ठेवलं.

"तो आहे?"

"नसायला काय झालं? दुकान मोडायला मागं राहिलाय. दिवाळीच्या आत येतो म्हणालाय. ऑक्टोबराच्या मध्यापासून पासपोर्ट लागणार, मग वर्षानुवर्षं बसावं लागेल. त्याच्या आत यायला हवं."

"पण तू पांढरं घालतेस."

"मग? आमच्यात पोरंबाळं झालेली बाई पांढरंच घालते. रंगीत नव्या नवरीनं घालावं."

"आणि कपाळ? हात?"

"बांगड्या आणि नथ गोधडीत शिवल्यात. वाटेत चोराचिलटांचं भय. तो आला की उसवीन." चेतीबाई नाकाला हात लावून हसली. "तोवर भोक बुजू नये म्हणून काडी. विधवा बाई कशाला काडी ठेवील, अदी? तिचं भोक राहिलं काय नि बुजलं काय."

आणि मग तिनं तारामतीच्या तोंडाकडं नीट पाहिलं. तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

"तू काय लिहिलंयस?"

तारामतीनं सांगितलं. तिला वाटलं ही रडेल, ओरडेल, निदान चार शिव्या देईल. चेतीबाईनं पत्राची घडी घातली. आधी एक, मग दुसरी, मग तिसरी, अगदी नखाएवढी होईपर्यंत.

"लिहिलंस तू," ती म्हणाली. "आता फिरवही तूच."

तारामती तशीच उठून कचेरीत गेली. नंदकिशोर बाबूंनी तिचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि फाइल काढली. कराचीहून चौकशी येऊन दहा दिवस झाले होते. टहलराम नावाचा इसम म्हणतो माझी बायको जयपुरात आहे, खरं काय? इथून उत्तर गेलं होतं, सदर बाई या कचेरीच्या दप्तरी विधवा म्हणून दाखल, पती मयत.

"कुणी पाठवलं हे?"

"कुणी म्हणजे? कागदानं विचारलं, कागदानं सांगितलं. तुमचंच अक्षर आहे, भाभीजी. फार सुरेख."

"मग आता तिकडं त्याला काय म्हणतील?"

नंदकिशोर बाबूंनी चष्मा पुन्हा लावला. "म्हणतील, टहलराम तर मेलाय. तू कोण?"

परक्या झालेल्या गावात एक धडधाकट माणूस खिडकीपुढं उभा आहे, आणि खिडकीतला त्याला तिचं अक्षर दाखवतोय. ते चित्र तिच्या डोळ्यांपुढून पुढं कधीच गेलं नाही.

बाबूंनी समजावलं, की दुरुस्ती केली तर बाईची पक्की खोली जाईल, शिवणाचा वर्ग जाईल. तारामतीनं निरोप पोचवला. चेतीबाई ट्रंक भरायलाच लागली. मग तारामतीनं कचेरीत बसून लिहून दिलं, "बाई सधवा आहे. चूक माझी. मी विचारलं नाही." हरिभाऊंनी स्वतः उभं राहून कराचीला तार केली. घरी आल्यावर ते थट्टा करतील म्हणून ती वाट बघत होती. त्यांनी केली नाही. त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

चेतीबाई पुन्हा मोठ्या बराकीत गेली, दोरीवर चादर टाकून केलेल्या आडोशात. ऑक्टोबर लागला. जोधपूरकडची गाडी सकाळी यायची. सीमेवरून सुटलेली माणसं तीच गाडी धरून येत. चेतीबाई, मोहिनी आणि तारामती रोज स्टेशनावर जाऊन उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी चेतीबाईनं गोधडी उसवली. बांगड्या चढवल्या, नथ घातली, आणि नाकातली काडी फलाटावरून रुळांत टाकली. तारामती म्हणणार होती, आधी येऊ तर दे. पण तिनं तोंड मिटून घेतलं. तिच्या तोंडातून आणि हातातून जेवढं निघायचं तेवढं निघून चुकलं होतं.

गाड्या येत राहिल्या. धुळीनं माखलेली माणसं उतरत राहिली, आपापल्या माणसांच्या गळ्यात पडत राहिली. एकदा मोहिनी "बाबा" म्हणून धावली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. चौदा तारखेला मीरपूरखासचा एक म्हातारा उतरला. त्यानं चेतीबाईला ओळखलं.

"दुकानाला कुलूप बघितलं," तो म्हणाला. "टहलराम कराचीला गेलाय म्हणतात. कागदात काहीतरी गडबड झाली, ती नीट करायला. पंधरा दिवस झाले."

"आणि मग?"

"मग मी निघालो, बेटी."

दुसऱ्या दिवशी पासपोर्टाचा नियम लागला. तिसऱ्या दिवशी दिवाळी. तारामतीनं त्या वर्षी फराळाला कढई चढवली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, तेल चांगलं मिळालं नाही.

तार पोचली की नाही, पोचली तर ती वाचायला तो तिथं होता की नाही, हे कधीच कळलं नाही. पत्रं लिहिली, ती परत आली नाहीत आणि उत्तरही आलं नाही. चेतीबाईनं तारामतीला बोल लावला नाही. रोज दुपारी शिवण घेऊन तिच्याच ओसरीवर येऊन बसायची. नाकात नथ, अंगावर पांढरं. तारामतीला वाटायचं, दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. न दिलेली शिवी फार वर्षं टिकते.

तेव्हापासून तारामतीचे ते तीन प्रश्न सुरू झाले. सिंधी आले, पुढं चौसष्ट साली रंगूनहून हाकलून दिलेली आपली माणसं आली. सगळ्यांचे कागद तिनंच भरले. दर चैत्रात हळदीकुंकू करायची, तेव्हा पहिलं कुंकू चेतीबाईला. एकदा बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं, शालिनीबाईंनी, कानाशी लागून विचारलं, "अहो, पण त्यांचे यजमान... नक्की?"

"नक्की काय ते आपल्या सगळ्यांच्याच घरी संध्याकाळी दार वाजल्यावर कळतं," तारामती म्हणाली. "हात पुढं करा, हळद लावते."

शालिनीबाई पुढच्या वर्षी आल्या नाहीत.

पुढं निर्वासितांच्या वसाहतीत चेतीबाईला एक खोली आणि अंगण मिळालं होतं, तात्पुरतं म्हणून. मोहिनीचं लग्न तिथूनच झालं. पासष्टच्या लढाईत भोंगे वाजले, काचांना काळे कागद लागले, आणि सीमेवरून येणारी ती गाडीच बंद झाली. बंद म्हणजे कायमची, असं हरिभाऊंनी ऑफिसातून येऊन सांगितलं. चेतीबाई तेव्हा ओसरीवर काज करत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि दुसरं काज घेतलं.

पुढच्या जेठात तिला नोटीस आली. घराचे पक्के कागद करायचे होते. नंदकिशोर बाबू निवृत्त झालेले. नव्या कारकुनानं सरळ सांगितलं, नवरा असेल तर त्याची सही आणा, नसेल तर विधवा लिहून द्या. सात वर्षं खबर नसली की कायदा माणूस गेला असं धरतो, तुमची तर चौदा झाली. महिनाअखेर कागद आला नाही तर घर दुसऱ्याला जाईल.

चेतीबाईनं तारामतीला बोलावणं धाडलं. तारामती पोचली तेव्हा खाटेवर कागद, दौत, टाक मांडून ठेवलेलं. चेतीबाईला एव्हाना नागरी लिहिता येत होतं, मोहिनीनंच शिकवलं होतं.

"तू लिही ना," तारामती म्हणाली. "तुला येतं की."

"तूच लिही, अदी. तुझा हात त्या शब्दाला सरावलेला आहे."

चौदा वर्षांनी आला तो बोल. तारामतीला तो लागला, आणि लागल्यावर आत कुठंतरी सैलही वाटलं. तिनं टाक उचलला. मग वर आढ्याकडं बघितलं आणि परत ठेवला.

"इथं नको. ही बराक नाही. घराला कान असतात."

"तथास्तु म्हणणारी ती?"

"तीच."

चेतीबाई हसली नाही. दोघी उठल्या. एक पाट घेतला, दौत घेतली, आणि उंबरा ओलांडून, अंगण ओलांडून, रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. येणारीजाणारी माणसं बघत होती. दोन पिकलेल्या बाया भर उन्हात रस्त्याच्या कडेला पाट मांडून काय करतायत, म्हणून. पश्चिमेचं आभाळ मळकट पिवळं झालं होतं.

तारामतीनं लिहिलं. त्याच अक्षरात. सवयीनं वाचून दाखवायला तोंड उघडलं, तर चेतीबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"हा वाचू नकोस."

बावन्न सालानंतर तेवढा एकच कागद तारामतीनं वाचून दाखवला नाही.

चेतीबाईनं सही केली, आता डावीकडून उजवीकडे. मग नथ काढून ओढणीच्या गाठीत बांधली. तारामतीला वाटलं, आता हे संपलं. पण चेतीबाईनं हात वर करून लिंबाची एक बारीक काडी मोडली, नखानं सोलली, आणि आरशाशिवाय, चाचपडत, नाकात खोचली.

"कागदावर लिही काय लिहायचं ते," ती म्हणाली. "भोक बुजू द्यायचं नाही."

आंधी सुरू झाली तशा दोघी पळत घरात शिरल्या. तारामतीनं उंबऱ्याबाहेरच चूळ भरली आणि मग पाऊल आत टाकलं. दार लोटून घेतलं. बाहेर धूळ अशी उसळली की दुपारचा उजेड गेला. दोघी खाटेवर बसून राहिल्या.

दाराची कडी वाजली. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"वारा आहे," चेतीबाई म्हणाली. आणि नाकातली काडी नीट करून दार उघडायला उठली.